धवलारणीचा मान

धवलारणीनं घोट घेतल्याशिवाय तिचा गळा उघडत नाही, असं सानपाडा आणि तुर्भ्याच्या मधल्या त्या गावठाणात सगळे मानत. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. विचारलंत तर म्हातारे म्हणतील, वाडवडलांपासून चालत आलंय. आणि वाडवडलांना विचारायची सोय नाही. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो अंतरपाटापुरता. त्याच्या आधी हळद लावायची, मांडवात देव बोलवायचे, नवरीच्या घरातल्या जित्या-मेल्या सगळ्यांची नावं घ्यायची, ती धवलारणीनं, धवले गाऊन. आणि तिनं तोंड उघडण्याआधी तिच्यापुढं सूप ठेवायचं. सुपात तांदूळ, नारळ, पानसुपारी आणि एक बाटली. हा तिचा मान.

गोजरानं हा मान उभं आयुष्य घेतला. लग्नसराईत रोज मांडव म्हणजे रोज बाटली. पावसाळ्यात मांडव नसत, बाटली मात्र असे. नवरा होता तोवर तो ओरडायचा. तो गेला आणि ओरडणारंही गेलं. मुलगा निकेश तुर्भ्याच्या कारखान्यात लागलेला, बापाच्या वळणाचा असला तरी आईपुढं बोलायची त्याची छाती नव्हती. हात थरथरतात म्हणून सकाळी घ्यायची, थरथर थांबली म्हणून दुपारी घ्यायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "गल्यासाठी घेतंय." गळा खरंच असा होता की तिनं धवला उचलला की मांडवातल्या बाया पदर सावरून बसत. म्हणून कुणी बोलत नसे. ज्याचा गळा त्याची चलती.

मग जुईनगरकडच्या एका मांडवात व्हायचं ते झालं. नवरा बिजवर होता. गोजरा इतकी प्याली होती की नव्या नवरीच्या जागी तिनं मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव घेतलं. एकदा नाही, घोळवून घोळवून. नवरीची आई रडत उठली, वऱ्हाडी उठले, आणि गोजराला वाटलं लोकांना गाणं चढलंय, म्हणून तिनं आवाज आणखी वर नेला.

सकाळी सून शांतीनं तांदळाची भाकरी थापता थापता, तिच्याकडं न बघता, हे सगळं सांगितलं.

"खोटं बोलतंस," गोजरा म्हणाली.

ती तडक पुतळाकडं गेली. पुतळा म्हणजे तिची झेलकरीण. गोजरानं ओळ टाकायची, पुतळानं ती झेलून परत म्हणायची, असं दोघींचं जन्माचं बस्तान. पुतळा दारात वाल सोलत बसली होती. गोजरानं विचारलं, आणि पुतळानं मान खाली घालून वालाच्या टरफलांकडं पाहिलं. गोजराला कळायचं ते कळलं. शरमेनं तिला वाटलं की ही जमीन आत्ता फाटावी.

घरी येऊन ती सुनेला म्हणाली, "माजं काय तरी कर गो." या बाईनं आयुष्यात सुनेकडं गोड शब्दांत पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. शांतीची तव्यावरची भाकरी करपली.

आता गावात सल्ल्यांना तोटा थोडाच! कुणी म्हणे भगताकडं न्या, कुणी म्हणे देवीपुढं शपथ घाला. जयदेव हा गोजराचा चुलतदीर, टेम्पोच्या धंद्यात वर आलेला, गावात शब्द चालणारा. तो म्हणाला, "भरती करून टाका. तिकडं लांब एक ठिकान हाय, सहा महिने कोंडून ठेवतात. कशी सुटत नाय बगू."

"मी पिसाललेली कुत्री हाय का कोंडायला?" गोजरा उसळली. "दारू मी पेले, सोडीन बी मीच. कोंडायचं असंल तर तुजा बार कोंड, जयदेव. दर शनवारी तुजे अंगनात भरतो तो."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं लोक म्हणाले. म्हणू देत. पीळ होता म्हणून तर पुढचं झालं.

शांती बेलापूरच्या एका सरकारी कचेरीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. तिथल्याच एका क्लार्कबाईनं तिला सांगितलं होतं, की जवळच एका ट्रस्टच्या दवाखान्यात गुरुवारी दारू सोडवायची ओपीडी असते. भरती करत नाहीत. यायचं, औषध घ्यायचं, बोलायचं आणि घरी जायचं. गोजराला त्यातलं 'घरी जायचं' एवढं पटलं.

पहिले काही दिवस डॉक्टरांनी हाताची थरथर आणि झोप यांची औषधं दिली, रक्त तपासलं. मग एका गुरुवारी त्यांनी एक पांढरी गोळी टेबलावर ठेवली आणि शांतीलाही समोर बसवलं.

"ही गोळी दारू सोडवत नाही, मावशी," ते म्हणाले. "ही फक्त पहारा करते. ही अंगात असताना दारूचा घोट गेला तर तोंड लाल होईल, छाती धडधडेल, श्वास कोंडेल, उलट्या होतील. जीवही जाऊ शकतो. सकाळी घेतली आणि रात्री उतरली असं होत नाही. बंद केली तरी कितीतरी दिवस अंगात राहते. म्हणून ही कुणी तुम्हाला चोरून द्यायची नाही. तुम्ही स्वतः, समजून घ्यायची."

"म्हंजे जीव घेनारं औषध देता मना?"

"द्यायचं की नाही ते तुम्ही सांगायचं."

गोजरा त्या गोळीकडं बघत राहिली. इतक्या दिवसांत भगत, दीर, शेजारीपाजारी सगळ्यांनी तिचं काय करायचं ते ठरवलं होतं. हा पहिलाच माणूस तिला विचारत होता. तिनं गोळी उचलली.

तेव्हापासून रोज सकाळी शांती पाण्यात गोळी विरघळवून समोर उभी राही आणि गोजरा ती पिई. सून पहाऱ्यावर आणि सासू औषध पितेय, अशी उलटी गंगा त्या घरात वाहायला लागली. गोजरा पेला आपटून जीभ बाहेर काढायची. "बग, गिललं. आता घशात बॅटरी मारून बगतंस का?" शांती हसायची नाही. तिला हसू यायचं, पण ती कामाला निघाल्यावर रस्त्यात हसायची.

गोळीचं काम एवढंच. खरी लढाई अबोलीताईंच्या खोलीत. अबोलीताई म्हणजे तिथल्या समुपदेशक, चष्मा लावणारी, गोजराच्या सुनेच्या वयाची पोरगी. खोलीत गोल खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांत सगळे पुरुष: तुर्भ्याचा एक ट्रकवाला, दोन कारकून, टाय लावलेला एक बँकेतला साहेब. गोजरा नऊवारीचा काष्टा आवळून आत आली तेव्हा सगळ्यांनी मान वळवली.

"काय बगता?" ती म्हणाली. "बाई कवा पेलेली बगली नाय? का तुमचेकडं बाया कपाटामागं पितात?"

टायवाला खाली बघायला लागला. ट्रकवाला खदाखदा हसला आणि त्यानं तिला आपल्या शेजारची खुर्ची सरकवून दिली.

त्या खोलीत एक अजब खेळ चाले. नाही म्हणायची तालीम. अबोलीताई पाजणारा पाहुणा व्हायच्या आणि समोरच्यानं नाही म्हणायचं. गोजराची पाळी आली तेव्हा अबोलीताई रिकामा ग्लास पुढं करून म्हणाल्या, "घ्या ना मावशी, थोडीशी, माझ्यासाठी."

गोजरानं कपाळावर हात मारला. "अगो बाय माजे! असं कोन पाजतं? असं तर सत्यनारायनाचा तीर्थ बी कोन घ्यायचा नाय. आमचेकडं छातीवर बसून पाजतात. 'नाय घेतलास तर माजे पोरीचा लगीन मोडला समज,' असं म्हनतात."

"बरं. मग मी तसं म्हणते," अबोलीताई मुळीच हटल्या नाहीत. "नाही घेतलंत तर माझ्या पोरीचं लग्न मोडलं समजा."

गोजरा कारणं सांगायला लागली. तब्येत बरी नाही, डॉक्टर ओरडतात, आज वार आहे. अबोलीताईंनी एकेक कारण खोडून काढलं आणि ग्लास तिच्या ओठांपर्यंत आणला. मग हात खाली घेऊन म्हणाल्या, "मावशी, कारण दिलं की समोरचा कारणाशी भांडतो. कारण द्यायचंच नाही. 'मी घेत नाही.' संपलं."

"कारन न देता नाय म्हनायचं?" गोजराला हे फारच उर्मट वाटलं. मग तिला ते फार आवडलं. बसस्टॉपवर उभी राहून ती तोंडातल्या तोंडात घोकत होती, "मी घेत नाय. मी घेत नाय." शेजारचा पेरूवाला म्हणाला, "मत लो मौसी, जबरदस्ती थोडी है."

एका गुरुवारी मात्र जरा वेगळं घडलं. अबोलीताईंनी विचारलं, "गाण्याआधी प्यायला नाहीत तर काय होईल, असं वाटतं?"

"गला बंद होनार."

"बघूया का? इथं म्हणता?"

गोजरानं पदर सावरला, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली.

*मिठाचे आगरान गो पहाट फुटली…*

आणि पुढं काही नाही. दुसरी ओळ, जी तिच्या जिभेवर मेंदीसारखी रंगलेली होती, ती पुसून गेलेली. खोलीत पंखा फिरत होता, ट्रकवाला वाट बघत होता, आणि गोजराच्या कपाळावर घाम आला. ती उठली आणि चालू लागली. म्हणजे गावातले लोक खरं बोलत होते. गळा तिचा नव्हताच, बाटलीचा होता. घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, आणि शांतीनं संध्याकाळी चुलीवर ठेवलेलं जेवण तसंच राहिलं.

सकाळी मात्र तिनं गोळी घेतली. जीभ दाखवली नाही, पण घेतली.

पुढच्या गुरुवारी अबोलीताईंनी एवढंच विचारलं, "हा धवला शिकलात तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

"पोर होते. आयस मिठागरात मीठ ओढायची न् म्हनायची. मी तिचे मागून फिरायचे."

"तेव्हा पीत होतात?"

"पेज पीत होते," गोजरा चिडून म्हणाली.  बसस्टॉपवर मात्र ती तेच पुन्हा स्वतःशी म्हणाली, पेज पीत होते.

याच सुमाराला जयदेवच्या पोरीचं, रुतिकाचं लग्न ठरलं. ही रुतिका कॉलेज शिकलेली, वाशीला कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी, पण ती स्वतः गोजराच्या ओट्यावर येऊन बसली. "काकी, आयच्या लग्नाला तूच होतीस. माझ्या लग्नाला पण तूच पायजे."

मागोमाग जयदेव आला. "पोरगी म्हनते म्हनून ठीक हाय, वहिनी. पन पोटात नसंल तर तू गाशील कशी? मधीच अडली तर अपशकुन. मी कॅसेट आनून ठेवलीय. बाजारात धवल्यांची कॅसेट मिलते आता. तू अडलीस की लाउडस्पीकरवर लावू. कोनाला कलनार बी नाय."

"कॅसेट नवरीचा नाव घेते का रं?" गोजरानं विचारलं.

जयदेव पायांनी चपला शोधू लागला.

"मग ती तुजे टेम्पोत लाव."

तो गेल्यावर तिनं झाडलेलाच ओटा पुन्हा झाडायला घेतला. बोलून तर बसली होती. कॅसेट लागली, की या गावात गोजरा धवलारीण म्हणून संपली. पुन्हा तिला मांडवात कुणी बोलावणार नव्हतं. आणि कॅसेट लागू नये म्हणून बाटली घेतली, तर डॉक्टर म्हणाले तसा जीवच जाणार. आड आणि विहीर, दोन्ही तिच्याच अंगणात.

अबोलीताईंना हे कळलं तेव्हा त्या घाबरल्याच. "मावशी, इतक्या लवकर मांडवात नको. अजून थोडं थांबा."

"थांबून काय करू? दारू सोडायची म्हनून मांडव बी सोडला, तर मग सोडनारी राहिली कोन?"

अबोलीताईंनी चष्मा काढून पुसला. "बरं. मग तयारीनं जायचं. सुपात बाटली ठेवायची नाही. शांतीताई शेजारी बसतील. आणि पाणी घरचं. दुसऱ्या कुणाच्याही हातचं काहीही प्यायचं नाही."

"कोनाचे बी हातचं नाय," गोजरानं कबूल केलं.

हळदीच्या दिवशी जयदेवच्या अंगणात मंडप असा सजला होता की विचारू नका. झालरी, लायटिंग, मागच्या बाजूला पुरुषांच्या बाटल्यांची रांग. सूप आलं, त्यात बाटली नव्हती, आणि बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. पुतळा आपल्या जागेवर बसली होती खरी, पण तिचे डोळे सारखे त्या रिकाम्या जागेकडं जात होते. बाटली नाही म्हणजे देवाचा मान चुकला, आणि मान चुकला तर भोगणार ती कोवळी पोरगी, हे तिच्या मनातून जाईना.

गोजरानं पहिला धवला उचलला. आवाज बारीक आला, कापत आला, पण आला. पुतळानं झेलला. दुसरा आला तो घोगरा. तिसऱ्याला घसा इतका सुकला की ओळ मध्येच तुटली. मागून कुणीतरी म्हणालं, "लाव रं कॅसेट," आणि जयदेवचा मेव्हणा मशीनकडं निघालाही. शांती घरच्या तांब्यातलं पाणी संपलं म्हणून भरून आणायला धावली.

तेवढ्यात पुतळानं पेला पुढं केला. "कोकमाचा सरबत हाय. घे, घसा ओला कर."

दुसऱ्या कुणाचा हात असता तर गोजरानं झटकला असता. पण तो पुतळाचा हात होता. आयुष्यभर गोजरानं टाकलेली ओळ झेलणारा. तिनं एका दमात पेला रिकामा केला.

घशातून खाली गेलं आणि छातीत ऊब पसरली. ओळखीची ऊब. गोजरानं पुतळाकडं पाहिलं.

"बिनवासाची हाय, इंग्रजी," पुतळा तिच्या कानाशी लागली. "थोडीच घातली. सकालची गोली आता कवाच जिरली असंल. गा आता, गा. पोरीला अपशकुन नको गो."

"पुतळे," गोजरा म्हणाली, "मेले मी."

थोड्याच वेळात तिचे कान तापले. मग गाल, मग गळा, सगळं लालबुंद. डोक्यात घण पडायला लागले, छातीत कुणी दार ठोठावतंय असं झालं, श्वास वरच्या वर अडकायला लागला. तिचं अंग थडथडा उडू लागलं आणि केसांचा अंबाडा सुटून पाठीवर आला.

आणि मांडवातल्या बायांनी ते बघितलं.

"आली! आई आली अंगात!"

झालं! बाया धावल्या, कुणी तिच्या कपाळावर मळवट भरला, कुणी ओटीत लिंबू टाकला, कुणी पायांवर डोकं ठेवून आपल्या सुनेला मूल कधी होणार ते विचारू लागली. ताशेवाल्यांना वाटलं आपलीच पाळी, ते वाजवायला लागले. गोजरा सांगायला बघत होती, पण श्वासच पुरत नव्हता. देव पावला म्हणतात तो असा, माणूस गुदमरतंय आणि लोक नवस बोलतायत.

"बाटली नाय ठेवली म्हनून कोपली आई!" जयदेव गर्दी फाडत आला. त्याचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. हातात काठोकाठ भरलेला ग्लास. तो तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. "आई, चुकलो. तुजा मान घे. नाय घेतलास तर माजे पोरीचा लगीन मोडला समज."

ग्लास तिच्या ओठांना लागला. सगळं गाव हात जोडून उभं होतं. एवढ्या भक्तीनं तिला कुणी कधी पाजलं नव्हतं.

तिच्या तापलेल्या डोक्यात कुठूनतरी चष्मेवाली पोरगी आली. कारण द्यायचं नाही.

"मी घेत नाय," गोजरा म्हणाली.

"आई…"

"मी घेत नाय!" तिनं ग्लासावर असा फटका मारला की तो जयदेवच्या नव्या झब्ब्यावर फुटल्यासारखा रिकामा झाला. "आई नाय ही, मुडद्यांनो! गोली हाय, गोली! माजा जीव चाललाय न् तुमी ताशे वाजवता? शांतीला बोलवा!"

ताशे थांबले. शांती तांब्या टाकून धावली, लिंबूवाल्या बायांना कोपरानं बाजूला सारत. गोजरा तिच्या खांद्यावर भडभडून ओकली. निकेश रात्रपाळीला गेलेला, जयदेवच्याच टेम्पोतून तिला वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. मळवट भरलेली, ओटीत लिंबं असलेली ती बाई स्ट्रेचरवर बघून नर्सनं विचारलं, "हे काय?" आणि शांतीनं पदराच्या गाठीतलं दवाखान्याचं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. पुतळा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बसून राहिली. तिला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोजरा वाचली एवढंच नाही, सोडा म्हणून भांडू लागली. तिथल्या डॉक्टरनं तपासून दुपारी सोडलं. "आज ती गोळी घ्यायची नाही," त्यानं बजावलं. "बेलापूरच्या डॉक्टरांना भेटून मगच."

"घरी चला, आराम करा," शांती म्हणाली.

"घरी कशाला? पोर मांडवात हाय. आज लगीन, न् तिची हलद अर्धीच राहिलीय."

फाटकाशी पुतळा उठून उभी राहिली. रडून डोळे सुजले होते. "गोजरे, मी तुला मारनार होते गो. मना काय वाटलं, गला उगडंल…"

"मारलंच होतंस," गोजरा म्हणाली. राग तिच्या अंगात अजून होता, आणि तो तिनं लपवला नाही. "तोंड बंद कर न् रिक्षात बस. मी ओळ टाकीन ती कोन झेलंल? तुजा बाप?"

मांडवात पोचल्या तेव्हा लाउडस्पीकरवर कॅसेट चालू होती. कुठल्याशा बाईचा गोड, गुळगुळीत आवाज कुठल्याही नवरीला चालतील असे धवले गात होता. रुतिका पाटावर खाली मान घालून बसली होती. गोजराला बघून जयदेव उठला, आणि जोडायला उचललेले हात त्यानं अर्ध्यातच खाली घेतले. रात्री जिच्या पाया पडला ती समोर उभी होती, आणि ती देवी नव्हती. ते जास्तच अवघड झालं.

आज सुपात बाटली होती. भ्यालेल्या माणसांनी ठेवली होती, न विचारता.

"ते बंद कर," गोजरा मशीनकडं बोट करून म्हणाली. मेव्हण्यानं जयदेवकडं पाहिलं. मग त्यानं बटण दाबलं.

गोजरानं सुपातली बाटली उचलली, बूच काढलं आणि मुहूर्तमेढीच्या बुंध्याशी ती सगळीच्या सगळी ओतली. मातीनं ती पिऊन टाकली. मागं पुरुषांत कुणाचा तरी जीव हळहळला, तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

"देवाचा मान देवाला पोचला," ती म्हणाली. "आता आयका समद्यांनी. आज माजे पोटात ना बाटली हाय, ना गोली. जे निघंल ते माजं."

ती बसली. शेजारी शांती, मागं पुतळा. तिनं डोळे मिटले नाहीत, उघडेच ठेवले.

*मिठाचे आगरान गो पहाट फुटली…*

पुतळानं झेलली. आणि पुढं, अगदी तिथंच, त्या खोलीतल्यासारखं, सगळं कोरं. मांडव थांबला. पानं चघळणारी तोंडं थांबली. जयदेवच्या मेव्हण्याचा हात मशीनकडं सरकला. भटजींनी घड्याळ बघितलं आणि घसा खाकरला. "मुहूर्त…"

गोजराच्या कपाळावर घाम आला. यावेळी ती उठली नाही.

"विसरले," ती मोठ्यानं म्हणाली. "आठवंल. ज्याला घाई हाय त्यानं जावं. भटजीबुवा, तुमी बी."

कुणी हललं नाही. भटजींनी घड्याळ बाहीत घातलं. गोजरा बसून राहिली, लाज न धरता. समोर रुतिकाच्या हातांवरची हळद वाळून तडकली होती, आणि त्या पिवळ्या हातांकडं बघता बघता तिला आईचे हात दिसले. मिठानं चिरलेले. आई पुढं मीठ ओढतेय, आणि मागं एक पोर पोटात फक्त पेज घेऊन म्हणतेय.

*पहाटंचे हाती गो हलद कुनी कुटली…*

आवाज पूर्वीचा नव्हता. चिरका होता, मधे मधे फाटत होता, पण त्यात दुसऱ्या कुणाचं काही मिसळलेलं नव्हतं. पुतळा झेलायची विसरली. गोजरानं मागं कोपर मारलं. "झेल की गो!"

पुतळानं रडत रडत झेलली. मग गोजरानं आजीचं नाव घेतलं, आईचं घेतलं, मिठागरात राबून गेलेल्या साऱ्या बायांची एकेक करून घेतली, आणि शेवटी श्वास ओढून, नवरीकडं बोट करून, एकही अक्षर न चुकता नाव घेतलं.

*हलद लागली गो, हलद लागली, रुतिकाला लागली…*

पाटावर रुतिकानं मान वर केली. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. गोजरानं ती ओळ आणखी एकदा घेतली, आणि मग आणखी एकदा, गरज नव्हती तरी.

गाणं संपल्यावर तिनं हात मागं करून पुतळाचा पदर धरला.

"गुरुवारी माजे संगती बेलापूरला यायचं," ती म्हणाली. "तू बी काय कमी पीत नायस."

"मी कशाला गो? मना काय झालंय?"

"कारन मी देनार नाय," गोजरा म्हणाली, आणि पुढचा धवला उचलला.